चंद्रोदयाची वेळ

मिरजेत औषधाचं दुकान शोधत फिरावं लागत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, 1962 साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि त्यांच्या आसऱ्यानं गल्लोगल्ली दवाखाने वाढत गेले. अथणीहून, चिकोडीहून, जतहून, कोकणातून माणसं इथं नंबर लावायला येतात. हाडांचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, मेंदूचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. आणि ती चिठ्ठी हातात घेऊन माणूस ज्या काउंटरशी येऊन उभा राहतो, ते काउंटर मात्र बहुतेक वेळा एकच असतं.

अशाच एका काउंटरमागं ताई उभ्या असायच्या. डी. फार्म. झालेल्या. सासऱ्यांनी सुरू केलेलं दुकान, स्टेशनच्या बाजूला. 1948 च्या फार्मसी कायद्यानं चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या फार्मासिस्टलाच दिलाय. त्यामुळे प्रत्येक मेडिकलच्या भिंतीवर कुणाचं तरी प्रमाणपत्र टांगलेलं असतं. ज्याचं प्रमाणपत्र, तो माणूस दुकानात असतोच असं नाही. ताई असायच्या.

गावाबाहेर, पंढरपूर रस्त्याला, एक वृद्धाश्रम होता. चाळीसेक आजी-आजोबा. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. लोकांनी दिलेल्या दानातला रुपया वाया जाऊ नये यासाठी ते खरोखर जीव टाकायचे. औषधांचा खर्च दर महिन्याला वाढत चालला तेव्हा त्यांनी चार दुकानांकडून दर मागवले. एका मोठ्या दुकानानं पंचवीस टक्के सवलत देऊ केली. ताईंनी दहा टक्के लिहिले आणि खाली एक ओळ जोडली : महिन्यातून एकदा मला आश्रमात येऊन प्रत्येकाच्या गोळ्या बघू द्याव्यात.

अध्यक्षांना त्या ओळीचा अर्थ लागला नाही. गोळ्या बघायच्या म्हणजे काय? डॉक्टर लिहून देतात, दुकानदार देतो, माणूस गिळतो. त्यात बघायचं काय राहिलं? त्यांनी पंचवीस टक्क्यांवर सही केली. ताईंकडून फक्त रात्री-अपरात्रीचं, अडीनडीचं सामान घ्यायचं ठरलं, कारण त्यांचं दुकान उशिरापर्यंत उघडं असायचं.

म्हणून मे महिन्यात एका रात्री आश्रमातला पोरगा सायकल मारत आला आणि ग्लुकोजची पुडी, कापूस आणि मलमपट्टी घेऊन गेला. "आक्का पडल्या," म्हणाला. जूनमध्ये पुन्हा तेच. जुलैमध्ये पुन्हा. ताई तेव्हा दुकानाच्या पायरीवर येऊन पूर्वेकडं बघत होत्या. ढग होते. चंद्र दिसत नव्हता. त्यांची संकष्टी होती, आणि डबा घरून यायचा होता.

पोरगा सामान घेऊन वळला आणि ताईंनी त्याला हाक मारली.

"अरे, मागच्या वेळी आला होतास तेव्हाही माझा उपास होता का रे?"

पोराला काय ठाऊक! पण ताईंना आठवलं. मागच्या वेळी त्यांनी त्याला थर्मासमधला चहा दिला होता आणि स्वतः घेतला नव्हता.

त्यांनी काउंटरखालची वही काढली. 8 मे, 7 जून, आज 6 जुलै. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटली. तिन्ही दिवस संकष्टी.

शटर अर्धं ओढून त्या पोराच्या मागोमाग आपल्या स्कूटीवरनं आश्रमात गेल्या.

आक्का कॉटवर पडून होत्या. ब्लाउज घामानं भिजलेला, हात थरथरत होते, आणि त्या कुणावर तरी चिडून पुटपुटत होत्या. कपाळावर खोक. व्यवस्थापक भाऊ शेजारी उभे होते. ते सांगू लागले, "दर महिन्याला असंच. पहिल्या आठवड्यात मुलगा पैसे भरायला येतो. तो गेला की मनाला लावून घेतात आणि मग असं होतं." भाऊंनी हे तीन महिने खरं मानलं होतं. अगदी खरं वाटावं असंच ते होतं. मुलगा यायचा, जायचा, आणि त्यानंतर आक्का पडायच्या. म्हाताऱ्या माणसाचं काहीही दुखलं की आपण ते आधी मनावर नाहीतर वयावर टाकतो, कारण तिथं शोध थांबवता येतो.

ताईंनी मावशींना विचारलं. मावशी म्हणजे आश्रमात सगळ्यांना गोळ्या देणारी बाई.

"साखरेची गोळी दिली होती आज?"

"दिली की वो. सकाळीच. पिवळी."

"आणि खाल्लं काय त्यांनी?"

"काय खातायत! संकष्टी हाय न्हवं. दोन वेळा चहा घेतला नुसता, बिनसाखरेचा."

ताईंनी पिशवीतनं मशीन काढून बोटातनं रक्ताचा थेंब घेतला. साखर 48. आक्का शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून त्यांनी पाण्यात ग्लुकोज कालवलं आणि पेला पुढं केला. आक्कांनी तो हातानं ढकलला.

"चंद्र उगवायचाय."

साखर उतरली की माणूस हट्टाला पेटतो, हे ताईंना ठाऊक होतं. पण हा नुसता उतरलेल्या साखरेचा हट्ट नव्हता. पंचावन्न वर्षं धरलेली संकष्टी होती. नवरा गेला, घर गेलं, या कॉटवर येऊन पडल्या, आणि या सगळ्यात एवढी एक गोष्ट त्यांच्या स्वतःच्या हातात राहिली होती. ती एका औषधवालीच्या सांगण्यावरनं कशाला सोडतील?

"आक्का, माझीपण संकष्टी आहे," ताई म्हणाल्या. "हे बघा." आणि त्यांनी पेल्यातला पहिला घोट स्वतः घेतला. "आता तुम्ही घ्या. गणपतीला काय सांगायचं ते मी सांगते."

आक्कांनी पेला घेतला.

पाव तासात हात थांबले, डोळे नीट बघायला लागले. पण ताई लगेच उठल्या नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते आणि तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. तिचा अंमल दिवसभर टिकतो, मूत्रपिंड थकलेलं असेल तर त्याहून जास्त. एकदा ग्लुकोज पाजून वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून त्यांनी आक्कांना भात-वरण खायला लावलं, डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, मध्यरात्री मशीननं पुन्हा एकदा बघायला भाऊंना शिकवलं, आणि मग घरी गेल्या. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आक्कांना बोलावून ती गोळीच बदलली. उपाशी पोटी साखर इतकी खाली नेणार नाही अशी दिली. आक्कांची संकष्टी शाबूत राहिली. फक्त त्या दिवशी दुपारी दूध आणि केळं घ्यायचं, हे त्यांनी कबूल केलं. ते त्यांनी ताईंसाठी कबूल केलं. डॉक्टरांसाठी केलं असतं की नाही, सांगता येत नाही.

यानंतर अध्यक्षांनी ताईंना आत यायला परवानगी दिली. दुकान बदललं नाही. सवलतीचा करार वर्षाचा होता, तो मोडायला ते तयार नव्हते. "बघायचंय तर बघा," एवढंच म्हणाले. ताईंना त्यांच्याकडनं तेवढंच हवं होतं.

रविवारी दुपारी त्यांनी आणि मावशींनी व्हरांड्यात सतरंजी अंथरली आणि औषधाचं कपाट रिकामं केलं.

त्या सतरंजीवर काय काय निघालं, ते नीट सांगायला हवं, कारण असं कपाट आपल्यापैकी बहुतेकांच्या घरीही आहे. अर्ध्यातनं कापलेल्या पट्ट्या, ज्यांचं नाव एका तुकड्यावर राहिलं आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर. लोणच्याच्या बरणीत सुट्या गोळ्या, चार रंगांच्या. डोळ्यांच्या थेंबांची बाटली, कधी उघडली कुणास ठाऊक, आणि एकदा उघडली की ती महिन्याभरात टाकून द्यायची असते. इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं, पण बर्फाच्या कप्प्यात, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं राहत नाही. एका कोपऱ्यात दानाची पेटी. घरातलं माणूस गेलं की त्याची उरलेली औषधं लोक मोठ्या मनानं आश्रमाला आणून देतात. देणाऱ्याची भावना खरी असते. पण ती पेटी म्हणजे गेलेल्या माणसाच्या आजारपणाचं औषध, दुसऱ्या कुणाच्या पोटात जायला तयार असलेलं. ताईंनी अख्खी पेटी बाजूला काढली.

आणि एक खलबत्ता. ज्यांना गिळवत नाही त्यांच्या गोळ्या मावशी त्यात कुटून वरण-भातात कालवायच्या. प्रेमानं कुटायच्या, एकही कण वाया जाऊ नये म्हणून बत्ता धुऊन ते पाणीही द्यायच्या. पण काही गोळ्या बारा तास, चोवीस तास हळूहळू विरघळाव्यात अशाच बांधलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी सांगायचं? ज्या दुकानातनं पोतं येत होतं, तिथल्या कुणी मावशींचं तोंडही बघितलं नव्हतं.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र मावशींनी स्वतःच, बोलता बोलता, सांगून टाकली.

"ताई, ह्या कंपनीला बी काय झालंय कळंना. रंग बदलत्यात सारखं. मागच्या महिन्यात बी.पी.ची तांबडी हुती, आता पांढरी आलीया. मग काय, तांबडी हायत तवर तांबडी बी देती आन् पांढरी बी."

ताईंचा हात थांबला. मावशींना मराठी सावकाश वाचता यायचं, पट्टीवरचं बारीक इंग्रजी नाही. म्हणून त्यांनी चाळीस जणांची औषधं रंगावरनं पाठ केली होती, आणि ती बिनचूक पाठ होती. पण मोठ्या दुकानाला ज्या महिन्यात जी कंपनी स्वस्तात मिळे, ती आश्रमात येई. औषध तेच टेल्मिसार्टन, नाव वेगळं, रंग वेगळा. मावशींच्या लेखी ती दोन औषधं झाली. सहा जण दुप्पट डोस घेत होते. सकाळी उठताना त्यांना अंधारी यायची, आणि त्याला आश्रमात "वयाची चक्कर" म्हणत.

इथं मावशींवर ओरडणं सोपं होतं. भाऊ ओरडणारच होते. ताईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि मावशींना म्हणाल्या, "तुमच्यामुळं कळलं. तुम्ही रंग लक्षात ठेवले नसते तर मला हे सापडलंच नसतं." ते खरंच होतं. त्या दिवशी संध्याकाळी ताईंनी प्रत्येकाच्या नावाची कापडी पिशवी केली. आत सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे, आणि प्रत्येक औषधाचं नाव मोठ्या मराठी अक्षरात. कंपनीचं नाव नाही, औषधाचं नाव. टेल्मिसार्टन. बी.पी.साठी. मावशींनी ते बोट ठेवून वाचलं. "टेल-मि-सार-टन," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा म्हणाल्या.

यापुढची गोष्ट आहे बुवांची, आणि तिला वेळ लागला.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बुवांनी सगळा जन्म तंबोरे घडवण्यात घालवला होता. पंढरपूरकडनं येणारा भोपळा हातात घेतला की टिचकी मारून त्याचा आवाज कसा निघेल ते सांगणारा माणूस. जवारी लावण्यात त्यांचा हात होता. घोडीचा माथा कानस फिरवून असा घासायचा, आणि तारेखाली सुताचा धागा अशा जागी सरकवायचा, की तार एकदम बोलू लागते. त्या कामात केसभराचा फरक चालत नाही. आता त्यांचा हात इतका कापायचा की चहाचा कप बशीवर वाजायचा. चेहरा कोरा झाला होता. पावलं घासत चालायचे. गेल्या वर्षभरात माणसंही ओळखेनाशी झाली होती. "कंपवात," सगळे म्हणत. कंपवात म्हटल्यावर पुढं बोलायचं काय?

त्यांच्या पिशवीत अकरा प्रकारच्या गोळ्या भरायच्या होत्या. ताईंनी त्यांच्या फायलीतल्या चिठ्ठ्या काढल्या, चार डॉक्टरांच्या, आणि सतरंजीवर तारखेप्रमाणं लावल्या. आजवर त्या डॉक्टरांप्रमाणं लावलेल्या होत्या. एवढाच फरक त्यांनी केला, आणि त्या फरकातनं जे दिसलं ते असं होतं.

आधी बी.पी.ची गोळी वाढली. त्यानंतर दीड महिन्यानं बुवांना चक्कर यायला लागली. चक्करेसाठी एका डॉक्टरांनी प्रोक्लोरपेराझिन लिहिली, पाच दिवसांसाठी. पाच दिवस असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण पुढच्या वेळी आश्रमातनं कुणीतरी तीच चिठ्ठी दाखवून "हेच द्या" म्हणालं, दुकानानं दिलं, आणि पाच दिवसांची गोळी दोन वर्षं चालू राहिली. चार-पाच महिन्यांनी हात कापायला लागला. मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा चक्करेची गोळी कुणी दाखवली नाही, कारण ती "चक्करेची" होती, हाताची नव्हे. त्यांनी ट्रायहेक्सिफेनिडिल दिली. त्यानं तोंड सुकू लागलं, पोट साफ होईना, रात्री भ्रम व्हायला लागला. मग पोटासाठी एक औषध, झोपेसाठी एक.

प्रोक्लोरपेराझिन मेंदूतल्या डोपामिनचा रस्ता अडवते. म्हाताऱ्या माणसानं ती खूप दिवस घेतली तर हुबेहूब कंपवातासारखं दिसणारं दुखणं तयार होतं, आणि औषध बंद केलं तर ते बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू ओसरतं. ट्रायहेक्सिफेनिडिलनं वृद्धांची बुद्धी गोंधळते. हे सगळं पुस्तकात आहे. मार्क बीअर्स नावाच्या अमेरिकन वृद्धरोगतज्ज्ञानं 1991 साली, वृद्धाश्रमात राहणाऱ्यांना कोणती औषधं जपून द्यावीत याची एक यादी केली. ती आजही वेळोवेळी नवी होत असते. आक्कांच्या गोळीसारखी साखरेची गोळी आणि बुवांची ट्रायहेक्सिफेनिडिल, दोन्ही तिच्यात आहेत. त्या देशात वृद्धांच्या शुश्रूषागृहात फार्मासिस्टनं दर महिन्याला प्रत्येकाची औषधं तपासावीत, असा नियमच आहे. आपल्याकडं 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं जिल्ह्याला किमान एक, 150 जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, असं म्हटलंय. 150 माणसं, माणशी दिवसाला पाच गोळ्या धरल्या तरी रोज 750 गोळ्या. त्या कुणाच्या डोळ्याखालनं जाणार, हा प्रश्न इमारतीच्या आराखड्याइतकाच महत्त्वाचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

या चिठ्ठ्यांपैकी एकही चिठ्ठी, ती लिहिली त्या दिवशी, चूक नव्हती. हे ताईंनी स्वतःला दोनदा बजावलं आणि मग एका कागदावर तारखा ओळीनं लिहून काढल्या. शेरा मारला नाही. कुणाचं नाव गोवलं नाही. खाली एक प्रश्न लिहिला : हाताचं कापणं चक्करेच्या गोळीनंतर सुरू झालं असावं का, कृपया पाहावं.

तो कागद घेऊन त्या मेंदूच्या डॉक्टरांच्या ओ.पी.डी.त जाऊन बसल्या. आत-बाहेर करणारे एम.आर., सलाइन लावलेले पेशंट, कर्नाटकातनं पहाटे निघून आलेली कुटुंबं. त्यांचा नंबर दुपारी लागला. डॉक्टरांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही सर. म्हणूनच तुमच्याकडं आले."

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा वाचला, या वेळी तारखांवर पेन ठेवून. मग कंपाउंडरला पुढचा पेशंट थांबवायला सांगितलं. "ही प्रोक्लोरपेराझिन माझ्या फायलीत नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता राग नव्हता. "बुवांना उद्या घेऊन या. सगळ्या गोळ्यांसकट. पिशवीच घेऊन या."

चक्करेची गोळी बंद झाली. ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम न थांबवता आठवड्या-आठवड्यानं उतरवत नेली. बी.पी.च्या गोळीचा डोस फिजिशियननी कमी केला आणि चक्कर परत आली नाही. भ्रम आधी गेला, महिन्याभरात. एका सकाळी बुवांनी भाऊंना नावानं हाक मारली, तेव्हा भाऊ हातातलं रजिस्टर तसंच टाकून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. हाताला मात्र पाच महिने लागले. डावा हात आजही थोडा कापतो. दोन वर्षं सगळीच्या सगळी परत मिळत नाहीत, ती कुणालाच मिळत नाहीत. पण उजव्या हातानं ते जेवतात. गल्लीतली पोरं तंबोरे घेऊन आश्रमात येतात, जवारी कुठं अडतेय ते विचारतात, आणि बुवा धागा सरकवून दाखवतात.

वर्ष संपलं तेव्हा अध्यक्षांनी हिशेब मांडला. औषधांचं बिल बरंच उतरलं होतं. सवलतीनं जेवढं वाचलं, त्याहून जास्त, न लागणाऱ्या गोळ्या थांबल्यानं वाचलं होतं. पडण्याच्या नोंदी कमी झाल्या होत्या, म्हणजे एक्स-रे, ॲम्ब्युलन्स, प्लास्टर सगळंच. त्यांनी ताईंना बोलावलं. समोर दोन वर्षांचे आकडे ठेवले.

"पुढच्या वर्षी औषधं तुमच्याकडनंच घ्यायची असं म्हणतोय. पण एक सांगतो, हिशेबाचा माणूस आहे म्हणून. तुम्ही आमच्या इतक्या गोळ्या कमी केल्यात की तुमच्या वाट्याला आता फार विक्री उरलेली नाही."

"गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या," ताई म्हणाल्या. "मी विचारलं फक्त."

"तेच म्हणतोय मी. विचारण्याचे पैसे कुठल्या खात्यात दाखवायचे?"

प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे विचारला होता. चाळीस वर्षं खाती लिहिलेल्या माणसाला हे खातं सापडत नव्हतं. डॉक्टरची फी असते, नर्सचा पगार असतो, औषधाची किंमत असते. औषधवालीनं चार चिठ्ठ्या तारखेनं लावल्या, याचं बिल होत नाही. ताईंनाही उत्तर माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "दर महिन्याचा पहिला रविवार लिहून ठेवा. बाकीचं बघू."

अध्यक्षांनी मात्र ते बघू म्हणून सोडलं नाही. संचालकांच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला : औषध-तपासणीसाठी फार्मासिस्टला मासिक मानधन. कुणीतरी विचारलं, "दुकानदाराला मानधन?" अध्यक्ष म्हणाले, "दुकानदाराला नाही. दुकानातनं उठून इथवर आलेल्या माणसाला." ठराव मंजूर झाला. तो आकडा मोठा नव्हता, पण वार्षिक अहवालात त्याची स्वतंत्र ओळ आली.

आणि मग एक दिवस, पहिला रविवार अजून लांब असताना, ताईंच्या दुकानात मावशींचा फोन आला. एक आजोबा छातीत पाणी झालं म्हणून दवाखान्यात होते, त्यांना नुकतंच घरी सोडलं होतं. नवीन पाकीट आलं होतं.

"ताई, पाकिटावर नाव तेच हाय, मी वाचलं. पर आकडा येगळा हाय. आपल्या पिशवीवर चाळीस लिवलंय, ह्येच्यावर ऐंशी. म्हटलं, दुप्पट का? दिली न्हाई अजून. थांबलीया."

ताईंनी चिठ्ठीचा फोटो मागवला, दवाखान्यात फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी चाळीसच लिहिलं होतं. पाकीट भरताना ऐंशीचं आलं होतं.

"बरं केलंत मावशी, थांबलात ते. पोराला पाठवा, बदलून देते."

"पाठवती. आन् आणि एक. पुढच्या मंगळवारी अंगारकी हाय. एरवी धरत न्हाईत त्या बी उपास धरणार म्हणत्यात, अकरा जणी झाल्यात. त्यातल्या साखरेवाल्या चार. त्यांची नावं लिवून ठेवलीयात, गोळीच्या नावासकट. उद्या आणून दावू का?"

"उद्या नको," ताई म्हणाल्या. "आजच फोटो पाठवा. डॉक्टरांना आधी विचारायला हवं."